पाठीमागचे हात

४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी मदतीच्या ट्रकवाल्यानं काल दुकानात आणून दिली. वाचली आणि शटर ओढून घेतलं. आपली टकळी गेली, हे तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे म्हणून खरं मानतोय. पुराची बातमी आली तेव्हापासून मी असंच धरून चाललो होतो की ती दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर असणार, नर्सचा तो निळा झगा घालून, आणि बोलून बोलून पेशंटांचं डोकं खात असणार. शेवटच्या म्हाताऱ्याला वर पोचवून ती औषधांसाठी परत खाली उतरली आणि भिंत आली, असं तू लिहिलंस. 

शाळेसाठी दोन वर्षं माझ्याकडे होती, तेच सारखं आठवतं. झेरॉक्स मशीनशेजारी स्टुलावर बसायची आणि खराब निघालेल्या कागदांच्या पाठीवर माणसं काढायची. बोटं जमायची नाहीत म्हणून प्रत्येकाचे हात पाठीमागे. मी विचारायचो की ही सगळी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभी आहेत का. ती म्हणायची, नाही मामा, ती फिरायला निघाली आहेत.

मला निघायचं होतं. पूल गेलेला, दुसरा रस्ता नाही; ट्रकमधला माल काठावरून होडीनं पलीकडे जातो. ट्रकवाल्याला विचारलं, मला घेऊन चला. तो म्हणाला, काका, तुमच्या वजनाचं धान्य नेलं तर दहा घरं जेवतील. मी बाजूला झालो.

इथे आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये पूरग्रस्त मुलांसाठी बालचित्र मेळावा ठरला आहे. चित्रकलेच्या बाईंची कल्पना अशी की इथल्या मुलानं अर्ध्या कागदावर चित्र काढायचं आणि अर्धा कोरा ठेवायचा. तो तुमच्याकडच्या मुलानं भरायचा. मग सगळी चित्रं परत आणून प्रदर्शन, आणि जमलेल्या पैशांतून दप्तरं-पुस्तकं. कागदांचं काम माझ्याकडे आलं आहे. मी हो म्हटलं. दुसरं काही करण्याजोगं दिसत नाही.

टकळीची बटण कशी आहे? तिला काय सांगितलंस? बाप ती पाळण्यात असताना गेला, आता हे. लिही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे, आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

तुझा,
छोटू


११ सप्टेंबर

चि. छोटूस,
अ. उ. आ.

आम्ही शाळेत आहोत, पहिलीच्या वर्गात. म्हणजे बटण आपल्याच वर्गात राहायला आली म्हणायची. बाकं एकावर एक रचून भिंतीला लावली आहेत आणि खाली सतरंज्या. माझ्या उजव्या कानात पाणी गेल्यापासून तो बंद झाला, डाव्यानं थोडंफार येतं. तेवढं पुरे आहे. इथे ऐकण्यासारखं फारसं काही नसतं.

घर उभं आहे, पण आत कमरेपर्यंत गाळ. फावडं घेऊन शेजारी आले होते. फोटोंचा अल्बम सापडला. पान सोडवायला जावं तर इकडचा चेहरा उचकटून तिकडच्या पानाला चिकटलेला. सगळा लगदा झाला. एकच फोटो वाचला. तुझं लॅमिनेशनचं मशीन आलं त्या दिवशी तू हौसेनं टकळीचा काउंटरवरचा फोटो त्यात घातला होतास, तो. गाळात रुतलेला होता. ओल्या फडक्यानं पुसला आणि दात पडलेली टकळी जशीच्या तशी हसायला लागली. बटण तो उशाखाली घेऊन झोपते.

आता तुला सांगायचं ते. टकळी सापडली तेव्हा बटण माझ्या शेजारी बसली होती. सगळे कुठे निघाले, असं तिनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की आई मामाआजोबांकडे गेली आहे, मामीआजी आजारी आहेत, त्यांना नर्स हवी. मला वाटलं होतं की चार दिवसांनी नीट बसवून खरं सांगेन. ते राहिलं आणि मी त्या खोट्यातच भर घालत बसले. आई बसनं गेली. पूल पडायच्या आधी पोचली. तिथून येता येत नाही. बटण सगळं ऐकून घेते आणि मान डोलावते.

तुझ्या बायकोला मी बसल्या जागी आजारी पाडलं, तिला सांग की रागावू नकोस. आणि पत्रात जपून लिही. बटणला अक्षर लावता येतं.

दोघांनी जपा, आणि या बहिणीवर माया असू द्या.

ताई


१९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं तेव्हा ती चादरी पिळत होती. म्हणाली, आजार कोणता दिलाय ते तरी विचारा, हिंडता-फिरता येईल असा निवडायला सांगा. मग बादलीच्या काठावर बसली आणि त्याच चादरीत तोंड घालून रडली. रागावलेली नाही. पण तिचं म्हणणं आहे की पोरीला खरं सांगायला हवं, आणि लवकर. इथून सल्ला द्यायला काय जातं? सांगायचं तुला आहे.

मेळावा रविवारी झाला. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाई लाउडस्पीकरवरून सारख्या ओरडत होत्या की अर्धंच काढायचं, अर्धंच. एकानं हत्तीचं तोंड काढलं आणि म्हणाला की मागचं सोपं असतं, ते त्यांना ठेवलंय. एकीनं बोलर काढला आणि बॅट्समनची जागा सोडली. एका पठ्ठ्यानं पूर्ण चित्र काढून टाकलं आणि मग बाईंच्या भीतीनं अर्धं खोडलं. पलीकडच्या टेलरच्या मुलीचं चित्र मला बरं वाटलं. घराचं दार, पायरीवर एक मुलगी, आणि तिनं उजवा हात कोऱ्या बाजूकडे लांब केलेला. पंजा उघडा. कोणीतरी तो धरावा म्हणून.

सगळे कागद रात्रभरासाठी माझ्या ताब्यात दिले होते. मला तुझा अल्बम डोळ्यांसमोर दिसत होता. म्हटलं, तिकडे ओल आहे, छत गळतंय, पोरांनी एवढं जीव ओतून काढलंय. सकाळी मशीन तापवलं आणि एकूण एक चित्र लॅमिनेट करून टाकलं. गठ्ठा असा चकचकीत झाला की बघत राहावं. आता नदी वर्गात शिरली तरी या चित्रांना काही होणार नाही. याच ट्रकनं येत आहेत.

टेलरच्या मुलीचं चित्र बटणला दे.

आशीर्वादाचा हात असाच राहू दे.

तुझा,
छोटू


२७ सप्टेंबर

चि. छोटूस,
अ. उ. आ.

शहाण्या माणसा, प्लास्टिकवर चित्र काढतात का?

मुलांनी गठ्ठ्यावर उडी मारली. मेणाचे खडू वाटले होते. घासतात, घासतात आणि नुसते ओरखडे उमटतात. जरा रंग धरला तर बाहीला लागून पुसून जातो. हत्तीला मागचे पाय फुटतात आणि जेवणाच्या घंटेपर्यंत जातात. इथल्या शिक्षकांनी डोक्याला हात लावला. पण मुलांना त्यातच मजा वाटायला लागली. काढायचं, ओल्या बोटानं पुसायचं, परत काढायचं. एकाच हत्तीला दिवसभरात किती शेपट्या फुटल्या असतील याची गणती नाही. तेव्हा तुझा गाढवपणा अगदीच फुकट गेला असं नाही.

बटणनं काही काढलं नाही. ती त्या दाराच्या चित्राकडे बघत बसली. मग माझ्या चांगल्या कानाशी आली आणि म्हणाली की हे आईला पाठव, या मुलीच्या शेजारी आईनं स्वतःला काढायचं, आणि परत पाठवायचं. मी म्हटलं, तूच काढ की. तर म्हणाली, मला आईसारखी आई येत नाही.

छोटू, मी हे चित्र या पत्राबरोबर पाठवते आहे. टकळीच्या हातची माणसं तुझ्याइतकी कोणी पाहिलेली नाहीत. तू काढ. पाठीमागे हात घातलेली, तशीच. मला माहीत आहे मी काय मागते आहे. पण कालपासून समोरच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर उभा करतायत. तो लागला की ती आईला फोन लावून मागेल, आणि तेव्हा मला सांगावंच लागेल. तोपर्यंत तिला एक चित्र मिळू दे. शाळाभर मुलं आहेत आणि आई कधी येणार असं न विचारणारी ही एकटी आहे. ते मला जास्त जड जातं.

तुझ्या बायकोला सांग की तिची तब्येत सुधारते आहे असं मी बटणला सांगितलं.

जीवाला जपा. माया आहेच.

ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चित्रकलेच्या बाई दुकानात येऊन मला चार माणसांत बोलल्या. म्हणाल्या, काका, अर्धं कोरं कशासाठी ठेवलं होतं, शोभेला? त्यांचं बरोबर आहे. मी ऐकून घेतलं आणि त्यांच्या परीक्षेच्या प्रती काढून दिल्या.

आता चित्राचं. दोन दिवस गिऱ्हाईक नसलं की मी बसत होतो. माझ्या हातून टकळीचं माणूस होत नाही. मान लांब होते, चेहऱ्यावर माझ्यासारखा कंटाळा येतो. तिची माणसं निघाल्यासारखी दिसायची.

मग काउंटरच्या काचेखालचं काढलं. तू पाहिलं असशील, तिनं दुसरीत काढलेली बाई, वेणी घातलेली, पाठीमागे हात. मामी म्हणून काढली होती. इतकी वर्षं त्यावर लोक सुटे पैसे ठेवतायत. मी ती झेरॉक्स मशीनवर ठेवली, थोडी मोठी केली, कापली, निळा झगा रंगवला आणि त्या मुलीच्या शेजारी चिकटवली. मग वरून पुन्हा एकदा प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून लॅमिनेशनच्या मशीनमधून काढलं, म्हणजे कड दिसणार नाही. हात लावला तर कळत नाही. जन्मभर नकला काढण्याचाच धंदा केला, ही सर्वांत चांगली निघाली. आणि असं वाटलं की ही काढायला नको होती.

तुझी भावजय मागे येऊन उभी राहिली होती. नंतर ताट वाढताना म्हणाली की पोर नर्सची आहे, तिला फसवणं सोपं जाणार नाही. मी म्हटलं, फसवतंय कोण. ती म्हणाली, मग हे काय आहे? यावर मी जेवलो.

पाठवतो आहे. तुला योग्य वाटलं तर दे. न वाटलं तर माझ्याकडून पोचलंच नाही असं समज. मला दोन्ही चालेल, किंवा दोन्ही चालणार नाही. नीट सांगता येत नाही.

तुझं प्रेम राहो.

तुझा,
छोटू


१४ ऑक्टोबर

चि. छोटूस,
अ. उ. आ.

चित्र दिलं. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही, आधीच सांगते. मी मागितलं होतं.

बटणनं ते मांडीवर घेतलं आणि पुष्कळ वेळ पाहिलं. आधी मला वाटलं की साधलं. मग ती म्हणाली की हे आईनं काढलेलं आहे, पण आत्ता नाही, लहानपणी. मी म्हटलं, तुला काय ठाऊक. तर म्हणाली, आईला आता हात येतात.

छोटू, मला माहीत नव्हतं. एका घरात राहत होतो आणि मला माहीत नव्हतं. पावसाळ्याच्या आधी बटणच्या शाळेत पंजा ठेवून त्याभोवती रेघ मारायला शिकवलं होतं. ते तिनं घरी येऊन आईला शिकवलं. टकळी ड्यूटीवरून आली की दोघी कागद घेऊन बसायच्या, मी त्यांना जेवायला हाका मारत असायचे. तेव्हापासून टकळीच्या माणसांना हात होते. भलेमोठे, अंगापेक्षा मोठे. बटण म्हणाली, आईला मज्जा वाटायची, ती सगळ्यांना हात लावत सुटली होती, झाडाला पण.

मग म्हणाली की या मुलीनं हात पुढे केलाय आणि आई पाठीमागे हात घालून उभी आहे, आई असं करेल का?

त्यानंतर तिनं विचारलं, आई मामाआजोबांकडे नाही ना. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा मला एवढा एकच उपयोग झाला होता. ती उठली, फिरून माझ्या डाव्या बाजूला आली, कानावर दोन्ही हात धरले आणि तेच पुन्हा विचारलं. वर्गातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी मान वर केली नाही.

मी सांगितलं. भिंतीचं, दवाखान्याचं, सगळे कुठे निघाले होते त्याचं. ती रडली नाही. तिनं विचारलं की मामीआजी खरंच आजारी आहेत का. मी म्हटलं, नाही, ठणठणीत आहेत. ती म्हणाली, बरं झालं. आणि मला रडू आवरेना, तर तिनं मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी चित्रं परत न्यायला शिक्षक आले. बहुतेक कोरीच होती, पुसलेली. बटणनं आपलं चित्र बाहेर काढलं, त्या दोघींच्या मधे स्वतःचा पंजा ठेवला आणि लाल खडूनं भोवती रेघ मारली. प्लास्टिकवर खडू उमटेना तर त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवला. मग इतर मुलांसारखं गठ्ठ्यात ठेवून दिलं. मी म्हटलं, तुझ्याजवळ ठेवायचं नाही? तिनं मान हलवली. तेव्हापासून ती जेवते, झोपते, सांगितलं ते करते. बोलत नाही.

टॉवर सुरू झाला. तिनं फोन मागितला नाही.

पूल झाला की ये.

ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रदर्शन झालं. गर्दी होती. बाईंनी कोरी चित्रंसुद्धा ओळीनं लावली आणि खाली सांगायला मुलं उभी केली. लोक अर्ध्या हत्तीसमोर थांबायचे, पुढे जायचे. दप्तरं निघतील असं बाई म्हणतात.

बटणचं चित्र बाईंनी मधोमध लावलं होतं. एकटं तेच पूर्ण झालेलं. एक गृहस्थ बायकोला सांगत होते की कल्पना छान आहे, आईचे हात लपवलेत आणि मधे मोठा हात. टेलरची मुलगी येऊन म्हणाली की माझ्या चित्रातल्या मुलीचा हात कोणी धरलाच नाही, वरून झाकला. मी तिला सांगितलं की तिथल्या मुलीचा हात मोठा आहे. तिला ते पटलं नाही. जवळ जाऊन बोट लावायला लागली, तेव्हा मी चित्र काढून घेतलं. बाईंनी काढू दिलं. तुझ्या भावजयीनं त्यांना सांगितलं असावं.

आता ते माझ्याकडे आहे. खडू प्लास्टिकवर धरत नाही हे तूच लिहिलं होतंस. भिंतीवरून काढताना करंगळीचं टोक माझ्या शर्टला लागलं आणि गेलं. बाकी आहे. मी मशीन तापवलं होतं, सवयीनं. पाऊच उघडला. मग लक्षात आलं की रोलर गरम असतात आणि मेण वितळतं. आत जाताना पंजा असेल, बाहेर येताना लाल डाग. मशीन बंद केलं. काचेखाली ठेवायचं तर काच चिकटेल. वर कागद ठेवायचा तर कागदाला लागेल. दुसऱ्या पेनानं त्याच रेघेवरून फिरवावं असं मनात आलं, पण ती मग माझी रेघ होईल. एक माझी नक्कल त्यात आधीच आहे.

म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर आडवं, उघडं ठेवलं आहे. फडकं मारायचं नाही असं सांगितलं आहे. तुझी भावजय रोज स्टूल घेऊन चढते आणि बघून येते. काल म्हणाली की अंगठा पण फिका होत चाललाय. मी म्हटलं, धूळ बसली असेल.

पुलाचं काम डिसेंबरात होईल म्हणतात. चालत जाण्याइतकं झालं तरी मी निघेन. बटणला तसं सांग, आणि मी आलो की काय बोलणार आहे असं तिनं विचारलं तर मला अजून ठाऊक नाही असं सांग. येताना कागद आणतो, साधे. तिला माझा हात काढायचा असला तर काढू दे.

तोवर दोघींवर माझा जीव आहे, तो पोचता करतो. तुझा लोभ राहू दे.

तुझा,
छोटू